आपल्या गावचा आरकाटी

आमच्या गावच्या शाळेत व्हरांड्याच्या टोकाला एक वॉटर कूलर आहे. स्टीलची टाकी, तीन नळ आणि वर लाल अक्षरांत देणगीदाराचं नाव. मधल्या सुट्टीत मुलं तिथे झुंबड करतात. त्यांना त्या नावाशी काही देणंघेणं नाही. मला आहे, कारण देणगीच्या पावतीवर सही माझी आहे. मी तेव्हा त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. देणगीदार पंचक्रोशीतला वजनदार माणूस. पोरं आखातात पाठवायचा त्याचा धंदा. स्वतःचा सरकारी परवाना नाही, पण मुंबईतल्या एका परवानावाल्या ऑफिसला तो माणसं पुरवायचा. कायद्याला असा मधला माणूस मान्य नाही. हे गावाला ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि तीनशे मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

त्या तीनशेंपैकी एकाची गोष्ट आधी सांगतो. मग आपण एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलू.

हा मुलगा दहावीला गणितात राहिला. चिपळुणात वेल्डिंग शिकला, हात चांगला बसला. २०१८ मध्ये दम्मामचा व्हिसा निघाला. महिना १५०० रियाल, राहणं कंपनीचं, दोन वर्षांचा करार. एजंटाने १ लाख ३० हजार मागितले. घरच्यांनी आईच्या बांगड्या मोडल्या, आंब्याची कलमं गहाण टाकली आणि उरलेले शेकडा तीनने उचलले. परवानाधारक एजंटाने कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. त्याप्रमाणे पावती ३० हजारांची मिळाली. बाकीचे लाखभर रुपये रोख गेले. त्यांची पावती नाही. वॉटर कूलरची मात्र रीतसर पावती आहे, शिक्क्यासकट.

दम्मामला उतरल्यावर पहिल्याच दिवशी पासपोर्ट कंपनीने ‘इकाम्यासाठी’, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणून घेतला, तो परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी अरबीतला दुसरा कागद पुढे आला. सही केली नाहीस तर परतीचं तिकीट स्वतःचं काढ, असं सांगण्यात आलं. त्या कागदावर पगार ९०० रियाल होता आणि काम होतं हमाली. घरी शेकडा तीनचं व्याज चालू होतं. अशा माणसापुढे सही करायची की नाही हा प्रश्नच नसतो. वर्षभराने बाप गेला. त्या देशात तेव्हा मालकाने, म्हणजे कफीलने, हो म्हटल्याशिवाय कामगाराला देशाबाहेर पाऊल टाकता येत नसे. कफील हो म्हणाला नाही. बापाचं दफन त्याने चुलतभावाने मोबाईलवर काढून पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं, लेबर कॅम्पमधल्या दुमजली खाटेवर बसून. खोलीत आणखी नऊ जण झोपलेले, म्हणून आवाज बंद करून.

करार संपून तो परतला तेव्हा गावाने त्याला दोनच प्रश्न विचारले. काय आणलंस? आणि परत कधी? मीही त्याला एसटी स्टँडवर भेटलो तेव्हा त्यातला दुसरा प्रश्नच विचारला.

आता आपण या गोष्टीतला खलनायक शोधायला लागू आणि तो चटकन सापडेलही. डोक्याला पांढरा रुमाल, लांब झगा, तेलाचा पैसा, माणसाला गुलाम समजणारी वृत्ती. तिकडची माणसंच तशी, असं म्हणून आपण चहाचा कप खाली ठेवू. या लेखाचं भांडण नेमकं त्या कपाशी आहे. कफील क्रूर असेल, त्याचा हिशेब करायलाच हवा. पण तो चौथा गुन्हेगार. पहिल्या तिघांची घरं आपल्याच गल्लीत आहेत: ज्याने विकलं तो एजंट, ज्याने मान फिरवली ते सरकार आणि त्या पैशाने घर-देऊळ-मशीद रंगवून ज्याने टाळ्या वाजवल्या तो समाज.

कफाला नावाची पद्धत समजायला अवघड नाही. परदेशी कामगाराचा त्या देशातला वावर एका मालकाच्या नावाला बांधलेला असतो. इकामा काढायचा, वाढवायचा, रद्द करायचा, तर मालकाच्या हातून. मालक सोडून गेलास तर तो सरकारदरबारी ‘पळून गेला’ अशी नोंद करतो. तिकडचे आपले लोक त्याला ‘हुरूब लागला’ म्हणतात. हुरूब लागलेला माणूस उपाशी असला तरी गुन्हेगार आणि त्याचा पगार बुडवणारा मालक फिर्यादी. ‘आझाद व्हिसा’ नावाचा आणखी एक प्रकार आपले एजंट विकतात. नाव कफीलचं, काम भलतीकडे, आणि कफीलला वर्षाकाठी हप्ता. नाव आझाद आणि माणूस दुप्पट बांधलेला.

टीका झाली, जग बघायला लागलं, तेव्हा काही देशांनी नियम बदलले. कतारला २०२२ चा फुटबॉल विश्वचषक भरवायचा होता. तिथे २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायची मुभा मिळाली आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल झालं. त्याच महिन्यात सौदी अरेबियानेही बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीवाचून बाहेर जाण्याची वाट उघडली. घरकामगार आणि ड्रायव्हर मात्र त्यातून वगळले. म्हणजे बदल होऊ शकतो. दबाव आला की होतो. मग विचारायचा प्रश्न असा की आपला दबाव कुठे होता? दबाव आणला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांनी, पत्रकारांनी, परदेशी फुटबॉल रसिकांनी. ज्यांची लेकरं त्या उन्हात उभी होती ते आपण त्या वेळी सामन्यांची वेळापत्रकं कापून भिंतीला लावत होतो.

किती माणसं गेली, याचा तरी हिशेब आपण मागितला का? कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने माहितीच्या अधिकाराचा पाठपुरावा करून आकडे जमवले. २०१२ पासून २०१८ च्या मध्यापर्यंत आखातातल्या सहा देशांत २४,५७० भारतीय कामगार मेले. दिवसाला दहाहून अधिक. यातले सगळेच अन्यायाने मेले असं कुणी म्हणणार नाही. पण तिशी-पस्तिशीतला तगडा गडी रात्री झोपतो, सकाळी उठत नाही आणि दाखल्यावर ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ असं लिहून येतं. हृदयक्रिया तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते. ती का बंद पडली, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात किती तास काम होतं, हे दाखला सांगत नाही. नैसर्गिक मृत्यू म्हटला की भरपाईचा रस्ता जवळपास बंद. पेटी घरी येते, गाव खांदा देतं आणि चाळिसाव्याला धाकटा भाऊ त्याच एजंटाच्या दारात उभा राहतो.

१२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. दाटीवाटीने ठेवलेली माणसं धुराने गुदमरून झोपेतच गेली. दोन दिवसांनी हवाई दलाचं विमान ४५ भारतीयांचे मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. त्या दिवशी देशभर हळहळ झाली. कुवेतने निदान इमारतींची तपासणी तरी सुरू केली. आपण काय तपासलं? एका खोलीत किती माणसं कोंबणार हे करारात लिहून घ्यायचं, असं एक तरी गाव म्हणालं का?

आता सरकारकडे वळू. कागद पाहिले तर आपलं सरकार मायबाप वाटावं. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची, म्हणजे बाहेर जाण्याआधी तपासणी हवी अशी, नोंद होते. अशा माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण. ई-मायग्रेट नावाची संगणकीय व्यवस्था आहे, तिच्यावर परवानाधारक एजंटांची यादी आहे. मदत मागायला मदद पोर्टल आहे. हे सगळं खरं आहे आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पण मी शिक्षक, म्हणून एक विसंगती मला रात्री झोपू देत नाही. दहावी पास झालात की ईसीआर पुसलं जातं. म्हणजे तुम्ही शहाणे झालात, सरकारने तुमचा करार तपासायची गरज उरली नाही. मी ज्या मुलांना कसंबसं पास केलं, त्यांना मी त्या पातळ का होईना संरक्षणातून बाहेर ढकललं, असा त्याचा अर्थ. एजंटांना हे आमच्याआधी कळलं. आमच्या ऑफिसच्या खिडकीत ‘साहेब, दहावीचा एक दाखला’ असं विचारणारी माणसं येऊन गेली आहेत. मी दिला नाही. पण कुठे ना कुठे तो मिळत होता.

आणि सरकारने या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिलं? जानेवारी २०१८ मध्ये घोषणा झाली की ईसीआर वाल्यांना नारंगी पासपोर्ट देणार आणि इतरांचा निळा तसाच ठेवणार. कमी शिकलेला नागरिक विमानतळावर दुरूनच ओळखू यावा, अशी सोय. ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो बेत गुंडाळला. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीने माणसं पगार बुडवून घेऊन परतत असताना, आपल्याच परराष्ट्र खात्याने आखाती देशांतल्या भारतीयांसाठीची किमान वेतनाची शिफारस ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली. कारण काय, तर स्वस्त मजूर देणारे देश आपल्या नोकऱ्या पळवतील. विकणाऱ्यानेच भाव पाडावा तसं हे झालं. तेलंगणात लोक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा पुढच्या वर्षी ते आदेश मागे घेतले. महाराष्ट्रातून कुणी गेल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

१९९० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करारनामा मंजूर केला. २००३ पासून तो अमलात आहे. माणसं मागवणाऱ्या आखाती देशांनी त्यावर सही केलेली नाही, हे समजण्यासारखं आहे. पण माणसं पाठवणाऱ्या भारतानेही केलेली नाही. फिलिपिन्सने केली, श्रीलंकेने केली, बांगलादेशाने केली. आपण दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

फिलिपिन्सचं उदाहरण आपल्याला लाज वाटावी असं आहे. १९९५ मध्ये सिंगापूरने एका फिलिपिनो घरकामगार बाईला फाशी दिलं. तिचा खटला तिच्या सरकारने नीट लढवला नाही म्हणून तो देश रस्त्यावर उतरला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचा मृतदेह फ्रीझरमध्ये सापडला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी कुवेतला माणसं पाठवणंच थांबवलं आणि लेखी करार झाल्यावरच पुन्हा सुरू केलं. तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत किंवा बलाढ्य आहे म्हणून हे झालं नाही. तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्याला ती बाई आपली वाटली, म्हणून झालं.

आपल्याकडे बायकांचं काय केलं? तीस वर्षांखालच्या ईसीआर बाईला त्या १८ देशांत नोकरीसाठी जाता येत नाही, असा नियम केला. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण गरज काही नियमाने थांबत नाही. बाई मग पर्यटक व्हिसावर दुबईला जाते, तिथून दुसऱ्या देशात नेली जाते. कुठल्याच नोंदीत ती नसते, त्यामुळे हरवली तरी सरकारी दप्तरात ती हरवतच नाही. मालकिणीच्या घरात पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत काम, सुट्टी नाही, फोन काढून घेतलेला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ज्या भाषेने आठवड्याच्या सुट्टीची लढाई इतक्या लवकर लढली, त्या भाषेच्या लोकांनी परदेशातल्या मोलकरणीच्या सुट्टीवर एक मोर्चा तरी काढायला हवा होता.

मोर्चा निघत नाही, त्याला कारण आहे आणि ते बोलायला अवघड आहे. मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात ‘परदेशस्थ भारतीय’ म्हटलं की कॅलिफोर्नियातला जावई येतो. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी आठवडाभर पहिलं पान त्यालाच दिलं. दम्मामचा पगार बुडाला तर ती आतल्या पानावरची चौकट, तीही जागा उरली तर. वर कोकणातून आखातात जाणारा म्हणजे ‘त्यांच्यातला’, असं आपण मनाशी ठरवून टाकलं आहे. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन इथली मुसलमान घरं आखातात आहेत हे खरं. गोव्याची ख्रिस्ती घरं आहेत, कुणबी आणि भंडारी पोरंही आहेत. पण ‘त्यांचं ते बघतील’ एवढं म्हटलं की आपण मोकळे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे ११८.७ अब्ज डॉलर घरी पाठवले. त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात आला, २०.५ टक्के. देशात आलेल्या एकूण पैशापैकी सुमारे ३८ टक्के आखाती देशांतून आला. पैसा घेताना तो कुणाच्या जातीधर्माचा हे बँक विचारत नाही. रडायची वेळ आली की मात्र आपण विचारतो.

राजकारण्यांना दोष द्यावा, तर त्यांचं गणित चोख आहे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशातल्या नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं. ज्याला बापाच्या दफनाला येता येत नाही, तो मतदानाला येणार? ज्याचं मत नाही त्याचं ऐकायची उमेदवाराला निकड नाही. केरळात ही निकड निर्माण झाली, कारण तिथे घराघराने ती निर्माण केली. १९९६ मध्ये त्या राज्याने अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खातं काढलं.

आपल्याला मात्र याच प्रश्नाचा मोठा वारसा आहे आणि तो आपण विसरलो. गुलामगिरी संपल्यावर इंग्रजांनी १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी माणसं न्यायला सुरुवात केली. पाच वर्षांचा करार, ‘ॲग्रीमेंट’चं झालं ‘गिरमिट’. त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसंही गेली. मॉरिशसमध्ये मराठी आडनावं आजही आहेत. गावात फिरून, गोड बोलून, खोटा पगार सांगून माणसं गोळा करणाऱ्या दलालाला ‘आरकाटी’ म्हणत. शब्द गेला, माणूस राहिला. आज तो मोटारीतून फिरतो आणि शाळेला कूलर देतो.

या गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा माणूस, गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गिरमिटिये पाठवणं बंद करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९१२ मध्ये सगळीच गिरमिट पद्धत मोडावी असा ठराव आणला, तो सरकारने हाणून पाडला. त्याच वर्षी तब्येत साथ देत नसताना ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. १९१७ मध्ये भरती थांबली, तेव्हा ते हयात नव्हते. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलेला बालसुंदरम आठवा: मालकाने दात पाडलेला, फाटक्या कपड्यांत रडत आलेला गिरमिटिया. गांधी ज्या दिवशी आफ्रिकेतून परतले, त्या ९ जानेवारीला आपण प्रवासी भारतीय दिवस साजरा करतो. व्यासपीठावर उद्योगपती असतात, शास्त्रज्ञ असतात, परदेशी मंत्री झालेले आपले वंशज असतात. बालसुंदरमला खुर्ची कुठे असते, हे कधी पाहिलंत?

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की गुरुजींनी सगळ्यांना चांगलं झापलं. जरा थांबा. आता जे सांगणार आहे ते मलाच सगळ्यात जड गेलं.

तो वेल्डर नंतर पुन्हा गेला, यावेळी बऱ्या मालकाकडे. चार पैसे जमले. कलमं सोडवली, शेजारची वीस कलमं खंडाने घेतली. गेल्या फेब्रुवारीत मी त्याच्या बागेत गेलो. कोकणच्या बागांत हल्ली राखणीला, फवारणीला, उतरणीला नेपाळी माणसं असतात. १९५० च्या तहामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, म्हणून आपल्याला ती परदेशी वाटत नाहीत. पण ती परदेशी कामगारच आहेत, स्वतःचा देश सोडून पोटासाठी आलेली. त्याच्या बागेत एक नवराबायको आणि त्यांचं लहान पोर होतं. पत्र्याची खोली, चुलीशेजारी औषधाचे रिकामे डबे, त्यांतच पाणी भरून ठेवलेलं. बाईने मला चहा दिला. मी विचारलं, गावी कधी जाणार? नवरा हसला, बागमालकाकडे बघितलं आणि म्हणाला, सीझन संपल्यावर, मालक सोडतील तेव्हा.

परत येताना मी त्याला विचारलं, पगार महिन्याला देतोस ना? तो म्हणाला, “खर्चीला देतो सर, बाकी शेवटी एकदम.” आणि मग त्यानेच सहज सांगून टाकलं की त्यांच्या नागरिकतेचा कागद त्याच्या कपाटात आहे. “मध्येच पळाले तर आंबा कोण उतरवणार?”

मी म्हटलं, तुझा पासपोर्ट दम्मामला कुणाच्या कपाटात होता?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, इथे सगळे असंच करतात.”

दम्मामचा कफील काही निराळं म्हणाला असता असं मला वाटत नाही. हा मुलगा वाईट नाही. बापाच्या दफनाचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिलेला मुलगा आहे. तरीही ज्या पद्धतीने त्याला चिरडलं तीच त्याने व्यवहार म्हणून उचलली, कारण गावात त्याला दुसरा व्यवहार कुणी शिकवलाच नव्हता. मीही नाही. मराठवाड्यात ऊसतोडीच्या कोयत्याला मुकादम आधी उचल देतो आणि मग ती फिटेपर्यंत जोडप्याला बांधून ठेवतो. एक दिवस खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं, त्याच्या मुळाशी हाच खाडा होता. आपण त्याला कफाला म्हणत नाही, कारण तो शब्द अरबी आहे. ‘उचल’ आपला, म्हणून खपून जातो. ज्या समाजाला कामगाराचा कागद कपाटात ठेवणं गैर वाटत नाही, तो समाज परदेशातल्या आपल्या माणसाचा पासपोर्ट कोणत्या हक्काने मागणार? आणि मागितलाच, तर त्या मागणीत जोर कुठून येणार?

म्हणून माझं म्हणणं गावापासून सुरू होतं. सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यावर सही करावी, १९८३ चा कायदा कामगाराच्या बाजूने बदलावा, नुसते मसुदे काढत बसू नये. राज्याने केरळसारखं खातं काढावं, हे तर हवंच. जर्मनीला पोरं पाठवायचा करार महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केला. तशी काळजी दम्मामला जाणाऱ्याचीही करता येते, मनात असलं तर. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. जाणाऱ्याचा करार ग्रामपंचायतीत मराठीत वाचून दाखवता येतो. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर आहे की नाही, हे दहावीचं पोर मोबाईलवर पाच मिनिटांत पाहू शकतं. पैसे रोख देऊ नका, प्रत्येक रुपयाची पावती घ्या, पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी ठेवा, विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका, हे जुम्म्याच्या नमाजानंतर सांगता येतं, देवळातल्या भजनानंतर सांगता येतं, चर्चमध्ये सांगता येतं. परतलेल्याला ‘काय आणलंस’ विचारण्याआधी ‘पगार पूर्ण मिळाला का’ असं विचारता येतं. आणि ज्याने लाख रुपये रोख खाल्ले त्याला कबड्डीच्या फायनलला, उरुसाला, पालखीला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं थांबवता येतं. त्याला शाल लागते. शालीशिवाय त्याचा धंदा चालत नाही. विश्वास ठेवायचा कुणावर, हे गरीब माणूस व्यासपीठाकडे बघून ठरवतो, आणि व्यासपीठ आपण भरतो.

मी निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी शालेय समितीला लेखी अर्ज दिला. कूलरवरचं नाव खरवडून काढावं, पावतीवर सही करणाऱ्याने केलेली चूक इतिवृत्तात नोंदवावी आणि कूलरची किंमत माझ्या पेन्शनमधून हप्त्याने भरून घ्यावी, असं त्यात लिहिलं. समितीने चर्चा केली. अध्यक्ष मला भेटायला घरी आले, चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. उठताना म्हणाले, “गुरुजी, तुमचं म्हणणं पटतंय. पण यंदा छपराचे पत्रे बदलायचेत, अडीच लाखांचं अंदाजपत्रक आहे. ते कोण देणार? त्यांनी कबूल केलेत.”

अर्ज अजून समितीपुढे आहे. अध्यक्षांचा प्रश्न खोटा नाही. छप्पर गळतं, खाली आपलीच मुलं बसतात. ते पत्रे कुणाच्या पैशाने घालायचे, हे मात्र अध्यक्षांनी एकट्याने ठरवायचं नाही. गावात तीनशे चाळीस घरं आहेत. घरामागे सुमारे साडेसातशे रुपये पडतात.